स्वयंपाकघरातली लाइन

माय, मागच्या महिन्यात बाबांच्या खोलीत फोन बसवला. मोबाइल नव्हे, तो जुन्यासारखा, रिसीव्हर उचलून कानाला लावायचा. बाबा आता माझ्याकडे चिखलीला असतात. तू गेलीस तेव्हा ते साखरखेर्ड्याच्या दुकानात उभे राहून युरियाच्या थैल्या मोजून घ्यायचे, आता खोलीतून अंगणात यायचं तर भिंतीला हात लावत येतात. डोक्यानं मात्र अजून शाबूत आहेत. मोबाइल दिला होता मी, पण त्यांची बोटं थरथरतात, एकाला लावायला जातात आणि दुसऱ्यालाच लागतो, मग त्या माणसाची माफी मागत बसतात. म्हणून म्हटलं, इंटरनेटची नवी तार घरात येतेच आहे, तिच्यावर साधा फोन मिळतो, तो त्यांच्या उशाशी ठेवून देऊ. बसवायला आलेल्या माणसानं हॉलमध्ये पांढरा डबा लावला आणि म्हणाला, "मॅडम, आतल्या खोलीपर्यंत वायर न्यायची तर त्याचा चार्ज वेगळा." आणि माझ्या तोंडून, मी विचार करायच्या आधीच, निघून गेलं, "वायर आम्हीच टाकून ठेवली तर?" तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. पण आतून, पलंगावरून, बाबा मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं हसलेलं मी त्यांना कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. ते कशाला हसले हे घरात फक्त मला कळलं, आणि तुला कळलं असतं. म्हणून आज रविवारचं निवांत तुला लिहायला बसले आहे.

तुला आपलं दुकान आठवत असेलच, पण मला ते माझ्या बाजूनं सांगायचं आहे. घराची पुढची खोली म्हणजेच बाबांचं कृषी केंद्र. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं, आणि त्या सगळ्याचा मिळून एक तिखट वास, जो पुरणपोळीच्या दिवशीसुद्धा घरातून जायचा नाही. फोन टेबलावर, बाबांच्या उजव्या हाताशी. चिखलीच्या मार्केटमधून कापसाचा भाव यायचा तो त्याच फोनवर, कंपनीचा माल निघाला की नाही ते त्याच फोनवर, आणि अर्ध्या आळीच्या पाहुण्यांनी लग्नाच्या तारखा कळवायच्या त्याही त्याच फोनवर. बाकावर सकाळपासून चार-पाच माणसं बसलेली असायची. तू त्या खोलीत पहाटे झाडायला जायचीस, आणि दिवसा चहा द्यायला दारापर्यंत. दाराच्या अलीकडे ट्रे धरून उभी राहायचीस, बाबा उठून घ्यायचे. त्या घरात फोन येऊन किती वर्षं झाली होती, पण तू तो कानाला लावलेला मी पाहिलेला नव्हता. कोणी मनाई केली नव्हती. तशी वेळच यायची नाही, एवढंच.

मी डी.एड.ला अमरावतीला गेले तेव्हा हे पहिल्यांदा टोचलं. रविवारी होस्टेलच्या मुली एस.टी.डी. बूथसमोर रांग लावायच्या. आत काचेच्या खोक्यात लाल आकडे पळताना दिसायचे, आणि बाहेर माझ्यासारख्या मुली बोलायचं मनात जुळवत उभ्या. माझा नंबर आला की मी साखरखेर्डा लावायची, बाबा उचलायचे.

"हॅलो."

"बाबा, मी."

"हां. बरी आहे?"

"हो."

"पैसे आहेत ना?"

"आहेत."

"अभ्यास चालू ठेव. तुही माय बरी आहे. ठेव आता, बिल चढते."

झालं. त्यांचं प्रेम कमी नव्हतं, पण बाकावर माणसं बसलेली असायची आणि त्यांच्यासमोर पोरीशी याहून जास्त काय बोलणार. एकदा फोन ठेवता ठेवता मला मागं बांगड्या वाजल्यासारख्या वाटल्या. तू दाराआड येऊन उभी राहत होतीस, हे मला नंतर तूच सांगितलंस.

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा मला कावीळ झाली. फोनवर मी बाबांना म्हटलं, थोडं बरं नाही. ते म्हणाले, दवाखान्यात दाखव. मार्चअखेरीचे, उधारी चुकती करायचे दिवस होते, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यांना गोंगाटात माझं अर्धंच ऐकू गेलं असेल. मी पुढं काही बोलले नाही. शेवटी खोलीतली एक मैत्रीण मला एस.टी.त घालून घरी सोडून गेली. तू दारात आलीस, माझ्या डोळ्यांकडे पाहिलंस आणि मला हाताला धरून आत घेऊन गेलीस. मग महिनाभर उसाचा रस, वरणाचं पाणी, बिनतेलाची भाजी. तू मला रागावली नाहीस, बाबांनाही नाही. मी उठून बसू लागले तेव्हा एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणालीस, "माह्यासंगं बोलली असती ना, तर मले आवाजावरूनच समजलं असतं." आणि थोड्या वेळानं, जणू आणखी एखादी कढई घ्यायची आहे अशा सुरात, "मले इथीसा फोन पाह्यजे. सैपाकघरात."

बाबांना वाटलं, तुला दुकानातल्या फोनचीच एक शेपटी मागच्या घरात हवी आहे. तू म्हणालीस, नाही, वेगळी लाइन, वेगळा नंबर. "तुमच्या लाइनीवर तुमचे भाव चालतात. मी बोलाले लागली अन् तिकून कोनं उचललं तर?" बाबा जेवत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. बाबा कधीच सरळ नाही म्हणायचे नाहीत, अट घालायचे. म्हणाले, "डिपॉझिट भरतो मी. पन बसवनावळ देनार नाई. एकदा देल्ली ना या घरासाठी? एकाच घरात दोनदा काऊन द्यायची? फोन बसवून राह्यले का लग्न लावून राह्यले?" आणि ताक पिऊन उठले. त्यांच्या हिशेबानं गोष्ट तिथं मिटली. बसवनावळ, म्हणजे फोन बसवायचे पैसे, घेतल्याशिवाय टेलिफोन खातं फोन देणार नाही, आणि बसवनावळ ते देणार नाहीत.

तू मात्र ती अट चक्क अट म्हणून घेतलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवणीतलं पातळ नेसून मला म्हणालीस, चाल. आपण दोघी बस स्टँडच्या मागच्या त्या दोन खोल्यांच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलो. आतले साहेब पेपर वाचत होते. बाईमाणूस थेट येऊन फोनचं विचारतंय याची त्यांना सवय नसावी, ते मला विचारू लागले आणि मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू विचारलंस, "साहेब, बसवनावळ कायची घेता तुमी? डब्याची का वायरीची का मानसाची?" साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी सांगितलं ते असं, की खांबापासून घरापर्यंत आणि घरातून फोन ठेवायच्या जागेपर्यंत वायर ओढायची, खिळे ठोकायचे, त्या सगळ्याचे ते पैसे. "मंग ते मीच करून ठेवलं तर?" ते हसले. म्हणाले, "करून ठेवा बाई. आमचा माणूस येईल, दोन टोकं जोडून जाईल. त्याचं काही पडणार नाही." तो नियम होता की त्या साहेबांचा चांगुलपणा, हे मला आजही माहीत नाही. परत येताना तू माझ्यापुढं दोन पावलं चालत होतीस. मला आठवतं, मी तुला म्हटलं होतं, माय, कशाला एवढं, मी बाबांशी बोलते, देतील ते पैसे. तू थांबलीस आणि माझ्यावर पहिल्यांदा चिडलीस. "त्याइनं पैसे देल्ले तर फोन बी त्याइचाच होईन. समजून नाई राह्यलं तुले?"

समजत नव्हतंच तेव्हा. नंतर समजलं.

खांब होता दुकानासमोर आणि स्वयंपाकघर सगळ्यात मागं. वायर दुकानातून न्यावी तर बाबा कपाटं हलवू देणार नाहीत. राहिली शेजारच्या काकूची भिंत. आणि काकूशी तुझं बोलणं बंद होतं. तिच्या मोरीचं पाणी आपल्या अंगणात यायचं, त्यावरून मागच्या उन्हाळ्यात झालेलं भांडण सगळ्या आळीला पाठ होतं. मला वाटलं, आता संपलं. तू संध्याकाळी वाटीभर ताजं लोणचं घेतलंस आणि काकूच्या ओट्यावर जाऊन बसलीस. मी आपल्या दारातून पाहत होते. काकू आतून आली, तिनं लोणच्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पान्याचं बोलाले आली असशीन तर आधीच सांगतो, मोरी काई मी हलवत नाई."

"मोरी राहू दे तुही. मले भित पाह्यजे."

"भित?"

तू सगळं सांगितलंस. काकू ऐकत राहिली. तिचा मुलगा मिलिट्रीत होता, कुठं दूर बर्फाच्या भागात. त्याचा फोन आपल्या दुकानात यायचा. बाबा आवाज द्यायचे, काकू पदर सावरत यायची, बाकावरची माणसं थोडी सरकून बसायची आणि ती उभ्यानं दोन वाक्यं बोलून परत जायची. तिनं लोणच्याची वाटी हातात घेतली आणि विचारलं, "माह्या पोराचा फोन मांगच्या घरी येईन का मंग?"

"काऊन नाई येनार?"

"मंग टाक वायर. पाह्यजे तर भितीले भोक पाड." आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "दुकानात लोकाइच्या समोर रडता बी येत नाई वो."

पाण्याचं भांडण त्या दिवशी मिटलं असं नाही. मोरीवरून तुम्ही दोघी पुढंही कित्येकदा भांडलात. पण बोलणं पुन्हा बंद झालं नाही.

पहिल्यांदा आपण वायर वरून नेली. खांबापासून काकूच्या निंबाच्या फांदीवर, तिथून आपल्या मागच्या छपरावर. तू पदर खोचून शिडीवर चढलेली, मी खालून शिडी धरलेली, काकू तिच्या अंगणातून "डाव्या बाजूनं, डाव्या बाजूनं" करत सूचना देते आहे. बायका बघायला जमल्या. दोन दिवसांनी वानरं आली. एक थोरलं वानर त्या वायरीला धरून झोक्यासारखं लोंबकळलं, आणि सगळं खाली. तू अंगणात उभी राहून त्या वानराकडे असं पाहत होतीस, जसं एखाद्या देण्याघेण्यात फसवणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं. मग खाली बसून हसायला लागलीस. हसता हसता म्हणालीस, वरून नाई तर खालून.

खालून म्हणजे जमिनीतून, आणि नुसती वायर गाडली तर उंदीर सोडणार नाहीत. दुकानाच्या मागं ठिबकच्या काळ्या पाइपाचे उरलेले तुकडे पडलेले असायचे, हातभर, दोन हात, कोणी विकत न घेणारे. तू ते सगळे गोळा केलेस. आपण दोघींनी सब्बल घेऊन काकूच्या भिंतीच्या कडेनं चर खणला. उन्हाळा सरत आलेला, जमीन लोखंडासारखी. माझ्या हाताला फोड आले, तुझ्या हाताला काहीच झालं नाही. एकेका तुकड्यातून वायर ओवून घ्यायची, पुढचा तुकडा लावायचा, पुन्हा ओवायची. पण तुकडे एकमेकांना जोडायचे कसे? तू सुतळी गुंडाळून पाहिलीस, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावून पाहिल्यास. पाणी शिरणार हे दिसत होतं. बाबा दुपारी जेवायला मागं आले, चराजवळ थांबले.

"हा पाइप कोठचा?"

"तुमच्याच दुकानातला. फेकाचे तुकडे व्हते."

बाबांनी हात धुतले, जेवले, गेले. तुझा चेहरा उतरला नव्हता, पण तू त्या दुपारी पुढचं काम केलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहा टाकायला उठलीस तर ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी, एक पिशवी ठेवलेली. आत पाइपाचे जॉइनर. नवे कोरे, बरोबर त्याच मापाचे. तू पिशवी माझ्यापुढं धरलीस आणि आपण दोघी आवाज न करता हसलो. बाबा ओसरीत दाढी करत होते, आरशातून त्यांनी एकदा आपल्याकडे पाहिलं आणि साबणाचा जास्तच फेस करायला लागले.

खात्याचा माणूस आला तो पाऊस सुरू व्हायच्या बेतात. त्यानं खांबापाशी पाहिलं, चर बुजवलेली जागा पाहिली, भिंतीतून पाइप कसा वर आला आहे ते पाहिलं आणि विचारलं, "कोनं टाकली ही लाइन?" तू म्हणालीस, मी. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्यानं टोकं सोलली, जोडली, पिठाच्या डब्याच्या वर तू ठोकून ठेवलेल्या फळीवर फोन ठेवला आणि कानाला लावून तुझ्याकडे दिला. "घ्या बाई. आवाज येऊन राह्यला पाहा." तू पदराला हात पुसलेस, दोनदा. रिसीव्हर कानाला लावलास आणि तो नुसता घूंऽऽ आवाज इतका वेळ ऐकत राहिलीस की त्या माणसाला म्हणावं लागलं, "लावून तर पाहा कोनाले."

कोणाला लावणार? तुला एकच नंबर पाठ होता, आपल्याच दुकानाचा.

पुढच्या खोलीत घंटी वाजली ती आपल्याला भिंतीतून ऐकू आली आणि फोनमधूनही. बाबांनी उचलला.

"हॅलो, कृषी केंद्र."

मी तुला कोपरानं ढोसलं.

"मी बोलून राह्यली."

"कोन मी?"

माय, त्यांनी तुझा आवाज ओळखला नाही! इतक्या वर्षांचा संसार, पण फोनवर कधी ऐकलाच नव्हता. तुला राग यायला हवा होता. तुला हसू आवरेना.

"अहो, मी. मांगून."

तिकडे बाकावरची माणसं बसलेली असणार. मग बाबांचा आवाज आला, जसा तो तालुक्याच्या साहेबाशी बोलताना यायचा, "हां हां. बोला."

बोला! तुला आयुष्यात त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"चहा किती जनाइचा ठेवू?" तू विचारलंस.

"पाच," बाबा म्हणाले. आणि मग हळूच, "साखर कमी."

तिथून जे सुरू झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. मी अमरावतीला परत गेले, रविवारी बूथमधून तुझा नंबर लावू लागले आणि तू मला सगळं सांगायला लागलीस. आंब्याचं, काकूचं, गाय व्यायल्याचं, आणि मधूनच बाबांचं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते पुढून तुला फोन करतात म्हणे. आधी काही कामाचं, पाणी पाठव, किल्ली कुठंय. मग बिनकामाचं. आज अमुक आला होता, त्याचं असं झालं. तिकडे पाऊस आहे म्हणतात. तुह्या भाजीले आज काय घातलं होतं? समोरासमोर दोघं बसलात तर अर्धा तास कोणी बोलायचं नाही, आणि पंधरा पावलांवरून फोनवर गप्पा. मी म्हटलं, माय, लोकल कॉलचेही पैसे पडतात, बसवनावळ वाचवली ती सगळी यातच जाईल. तू म्हणालीस, "जाऊ दे. ते त्याइचं बिल आहे. फोन तेच करतात, मी थोडीच करतो." आणि काकूच्या मुलाचा फोन आला की काकू ओट्याला टेकून, जमिनीवर बसून, हवं तेवढं रडते आणि मग तुझ्याकडून चहा घेऊन जाते, हेही तू सांगायचीस.

आणि ते स्थळ. परीक्षा व्हायची होती आणि देऊळगाव राजाकडचं एक स्थळ आलं. जमीन चांगली, मुलगा एकुलता. बाबांचं जवळजवळ ठरलं होतं. तू मला रविवारची वाट न पाहता होस्टेलच्या ऑफिसात फोन करून बोलावून घेतलंस. तू सरळ विचारलंस, "तुले काय वाटते ते सांग. मी एकटी आहे इथीसा, कोनी ऐकत नाई." मी म्हटलं, मला आधी नोकरी करायची आहे. ते बोलताना माझा आवाज कापला, आणि मला माहीत होतं की तू तो कापलेला ऐकला. तू फक्त म्हणालीस, "बरं. ठेव आता."

पुढचं मला काकूनं सांगितलं, कारण ती नेमकी तेवढ्यात स्वयंपाकघरात आली होती. तू फोन ठेवलास आणि लगेच पुन्हा उचललास, दुकानाचा नंबर फिरवलास. समोर जाऊन बोलली असतीस तर बाबा उठून शेताकडे चालते झाले असते, तशी त्यांची रीत होती. पण फोनवरून उठून जाता येत नाही, आणि बाकावर माणसं असताना चिडताही येत नाही. तू म्हणालीस, "पोरगी आत्ता लग्न करत नाई. आधी नोकरी करनार हाय. तिचा बी इचार तोच अन् माहा बी. त्याइले तसा निरोप धाडा." बाबा दुकानात सगळ्यांसमोर "हां... हां... तसं का... पाहतो" म्हणत राहिले. काकू म्हणते, पुढच्या खोलीतून आवाज येत होता आणि फोनमधूनही येत होता, दोन्हीकडून नुसतं हां हां. शेवटी त्यांनी विचारलं, "पक्कं का?" तू म्हणालीस, "पक्कं." आणि बाबा म्हणाले, "बरं मंग." बाकावरच्या माणसांना वाटलं, कोणत्या तरी कंपनीशी मालाचं बोलणं चाललं आहे.

मी आज चिखलीच्या शाळेत शिकवते, नवरा मी पाहून केला, दोन मुलं आपापल्या वाटेला लागली. त्यातलं किती त्या "बरं मंग"मधून आलं, हे मी कधी तुझ्याजवळ बोलले नाही. बोलायची गरज वाटली नाही, आपण रोजच बोलत होतो. तू गेल्यावर बाबांनी ती लाइन काकूच्या नावावर करून दिली. म्हणाले, वायर तिच्याच भिंतीकडून आली होती, तिकडेच वळवून घेऊ. काकूनं पुढं बरीच वर्षं तो फोन चालवला आणि तिच्या घरी बायका बोलायला यायच्या.

आता या नव्या फोनचं सांगते. बाबांच्या खोलीपर्यंत वायर मी टाकली. बाजारातून वायर आणली, खिळ्यांच्या क्लिपा आणल्या, शाळेतून आल्यावर गुडघ्यावर बसून भिंतीच्या कडेकडेनं हॉलपासून त्यांच्या पलंगापर्यंत आणली. बाबा पलंगावरून देखरेख करत होते. "तिरपी जाऊन राह्यली. तुही माय असती तर सूत लावून नेली असती." मी म्हटलं, तुमी जॉइनर देऊन राह्यले का? तर पुन्हा हसले. फोनवाला ठरल्याप्रमाणं आला, टोकं जोडली, नंबर दिला. आता बाबा रोज कोणाकोणाला फोन लावतात. अजून हयात असलेले त्यांचे दोन मित्र आहेत, काकूचा मुलगा आहे, तो आता रिटायर होऊन गावात आला आहे. मधल्या सुट्टीत मला लावतात आणि विचारतात, भाजी कशाची नेली होती डब्यात. सगळ्यांना आधी हेच सांगतात, की बसवनावळ म्हणून एक पैसा दिला नाही, वायर माह्या पोरीनं टाकली, मायवर गेली आहे. मी स्वयंपाकघरातून ऐकते. चांगलं वाटतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. लिहून झाला की घडी करून माझ्याच कपाटात जाईल, साड्यांच्या खाली. म्हणून एक गोष्ट तुला सांगून टाकते, जी घरात दुसऱ्या कोणाला सांगितलेली नाही. मी टाकलेल्या वायरीतून आवाजच आला नाही. क्लिप ठोकताना खिळा कुठंतरी आरपार गेला असावा. फोनवाला म्हणाला, मॅडम, ही पूर्ण काढावी लागेल. बाबा तेव्हा दुपारचे झोपले होते. मी त्याला म्हटलं, काढा, नवीन टाका, फक्त जरा तिरपीच टाका. आणि त्याचा जो काय चार्ज होता तो दारात, चपला घालता घालता, त्याच्या हातावर ठेवला. बाबा उठले तेव्हा फोन वाजत होता.

कधी ना कधी ते तुझ्याकडे येतीलच. घाई नाही, आणखी काही वर्षं त्यांनी इथं गप्पा माराव्या. पण आले की ते सगळ्यात आधी वायरीचंच सांगतील, मी त्यांना ओळखून आहे. तेव्हा तू काही बोलू नकोस. मान हलवून नुसतं "हाव" म्हणजो.